सामान्य माणसाला चिरडणारे आर्थिक निर्बंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही शिक्षक, दोन डॉक्टर, एक आडत दुकानदार आणि कॉलेजात शिकणारी पाच-सहा मुलं मिळून लातूर, औसा, उमरगा, परभणी, नांदेड या भागांत एका विषयावर बोलत फिरतो. देशादेशांमधल्या भांडणात जे आर्थिक निर्बंध लावले जातात, त्यातून अन्न, औषध, पाणी आणि त्यासाठी लागणारा पैसा पूर्णपणे मोकळा ठेवावा, अशी आमची मागणी आहे. सभा संपली की लोक घोळका करून प्रश्न विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं लिहून काढली. काही प्रश्न जसे विचारले गेले तसेच ठेवले आहेत.

निर्बंध म्हणजे नक्की काय?

एखाद्या देशाशी व्यापार थांबवणं, त्याचे परदेशी बँकांतले पैसे गोठवणं, त्याच्या जहाजांना विमा नाकारणं, त्याच्या बँकांशी व्यवहार करणाऱ्यांनाही दंडाची भीती घालणं, हे सगळं यात येतं. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ४१ सुरक्षा परिषदेला हा अधिकार देतं. त्याशिवाय अमेरिका, युरोपीय संघ असे मोठे खेळाडू स्वतःच्या कायद्याने वेगळे निर्बंध लावतात. डॉलरमधला व्यवहार बहुतेक वेळा अमेरिकी बँकांतून जातो, त्यामुळे एकट्या अमेरिकेने लावलेला निर्बंधही अर्ध्या जगाला पाळावा लागतो. गावातल्या भांडणात एखाद्याचं पाणी तोडतात, किराणा बंद करतात, तसं हे. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तुम्ही सगळ्याच निर्बंधांच्या विरोधात आहात का?

नाही. शस्त्रं विकायला बंदी घालावी, त्याला आमची हरकत नाही. सुरक्षा परिषदेने १९७७ साली दक्षिण आफ्रिकेवर शस्त्रबंदी लादली, ती योग्यच होती. अत्याचार करणाऱ्या मंत्र्याचं किंवा सेनापतीचं परदेशातलं खातं गोठवलं, त्याचा व्हिसा नाकारला, तरी आमचं काही म्हणणं नाही. आमचा विरोध आहे तो अख्ख्या देशाचं अर्थकारण आवळणाऱ्या निर्बंधांना. त्याचा फास राजवाड्याला बसत नाही. तो बसतो रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला.

प्रत्येक सभेत इराकचंच उदाहरण का?

कारण इतके कडक आणि इतके लांबलेले निर्बंध आधुनिक काळात क्वचितच लागले, आणि त्यांचा परिणाम वर्षानुवर्षं जगासमोर उघडपणे दिसत राहिला.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळला. चारच दिवसांत, ६ ऑगस्टला, सुरक्षा परिषदेने ठराव ६६१ करून इराकचा जवळजवळ सगळा व्यापार बंद केला. औषधांना सूट होती, अन्नाला 'मानवतावादी परिस्थितीत' सूट होती. पण इराक बरंचसं अन्न बाहेरून आणायचा आणि ते आणायला लागणारा पैसा तेलातून यायचा. तेल विकायलाच बंदी. मग सुटीचा उपयोग काय? दुकान उघडं ठेवलं आणि गिऱ्हाइकाचं पाकीट काढून घेतलं, असा तो प्रकार.

१९९१ च्या युद्धात वीजकेंद्रांवर बॉम्ब पडले. वीज गेली की पाणी शुद्ध करणारे पंप थांबतात, मैलापाणी नदीत जातं. दुरुस्तीला सुटे भाग लागतात, पाण्याला क्लोरीन लागतो. ते मागवायचं तर संयुक्त राष्ट्रांच्या समितीची मंजुरी हवी. समितीतला एखादा सदस्य म्हणणार, याचा उपयोग शस्त्रासाठीही होऊ शकतो. की फाईल अडकली.

ग्रामपंचायतीत काम केलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळतं. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतात. पंधरा दिवस टीसीएल आली नाही तर काय होतं? गॅस्ट्रोची साथ येते, आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सलाईन लटकायला लागतात. आता अशी कल्पना करा की पावडर नाही, सलाईन अपुरं आहे आणि लाईट दिवसातून काही तासच आहे. पंधरा दिवस नव्हे, वर्षानुवर्षं.

'तेलाच्या बदल्यात अन्न' ही योजना ठराव ९८६ ने १९९५ साली मंजूर झाली, पण तेल निघायला १९९६ चा डिसेंबर उजाडला आणि पहिलं धान्य पोचायला १९९७ चा मार्च. तेलाचा पैसाही इराकच्या हातात येत नव्हता. सुरुवातीला शंभरातले तीस रुपये युद्धाच्या नुकसानभरपाईसाठी कापले जात. पुढेही अब्जावधी डॉलरचा माल समितीत अडवून ठेवलेला असायचा.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. इराक सरकारने सप्टेंबर १९९० पासून रेशन सुरू केलं आणि ते नेटाने चालवलं. पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल घरोघरी पोचायचं. ते नसतं तर किती माणसं गेली असती, याचा विचारही करवत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढलेली माणसं अजून आपल्या गावांत आहेत. त्यांना विचारा, पोट रेशनवर चालत असलं की माणूस सरकारशी भांडतो की त्याच्या दारात उभा राहतो. निर्बंध लावणाऱ्यांना वाटलं होतं, लोक चिडून सद्दामला उलथतील. झालं उलटं. घरातला दाणा त्याच्या हातात गेला आणि पकड आणखी घट्ट झाली.

आणि मध्यमवर्ग संपला. शिक्षकाचा महिन्याचा पगार काही मोजक्या डॉलरांवर आला. बगदादमध्ये मुतनब्बी रस्ता म्हणून पुस्तकांचा जुना बाजार आहे. तिथे प्राध्यापक, वकील आपापली घरची पुस्तकं रस्त्यावर मांडून विकत बसायचे. मी स्वतः शिक्षक आहे. इराकबद्दल जे जे वाचलं त्यातलं हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

तिथे पाच लाख मुलं मेली म्हणतात. खरं आहे का?

हा आकडा आम्ही वापरत नाही, आणि आमच्यातल्या कुणी भाषणात वापरला तर त्याला थांबवतो.

नव्वदच्या दशकातल्या पाहण्यांवरून तो जगभर पसरला. २००३ नंतर स्वतंत्रपणे घरोघर जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत बालमृत्यूंची तशी प्रचंड वाढ दिसली नाही. इराक सरकारच्या मदतीने झालेल्या १९९९ च्या पाहणीतली माहिती फुगवलेली होती, असं संशोधकांनी २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. ते आम्हाला पटतं.

यावर काही कार्यकर्ते नाराज होतात. म्हणतात, आपणच आपली बाजू का कमजोर करायची? पण गॅस्ट्रो, बंद पडलेले पंप, ओस पडलेल्या शाळा, देश सोडून गेलेले डॉक्टर हे सगळं झालं, त्याला लाखाचा आकडा लावायची गरज नाही. खोट्या आकड्यावर उभी केलेली मोहीम तो आकडा पडला की पडते, आणि खऱ्या दुःखावरचाही लोकांचा विश्वास उडतो.

दक्षिण आफ्रिकेत तर निर्बंधांमुळेच वर्णभेद गेला ना?

निर्बंधांचा त्यात वाटा होता. आणि या बाबतीत भारताचा अभिमान वाटावा असा इतिहास आहे. स्वातंत्र्य मिळण्याच्याही आधी, १९४६ मध्ये, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असं करणारा तो पहिला देश.

पण तिथे एक मोठा फरक होता. बहिष्काराची मागणी खुद्द तिथल्या काळ्या जनतेच्या पुढाऱ्यांनी केली होती. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अल्बर्ट लुथुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये जगाला आवाहन केलं, त्याचा आशय असा होता : बहिष्काराने आमच्या लोकांचे हाल होतील यात शंका नाही, पण त्यामुळे रक्तपाताचे दिवस कमी होणार असतील तर ती किंमत मोजायला आम्ही तयार आहोत.

आता दुसरं वाक्य बघा. मे १९९६ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांना टीव्हीवर विचारलं गेलं, इराकमध्ये पाच लाख मुलं गेली असं ऐकतो, ही किंमत मोजण्याजोगी आहे का? त्या म्हणाल्या, निवड फार कठीण आहे, पण ती किंमत मोजण्याजोगी आहे असं आम्हाला वाटतं. (प्रश्नातला आकडा वादग्रस्त, हे वर सांगितलंच. पण उत्तर देताना त्यांनी आकडा नाकारला नाही. पुढे त्या उत्तराबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला, हेही नोंदवतो.)

दोघांच्याही तोंडी 'किंमत' आहे. लुथुली स्वतःच्या घरातून मोजायला निघाले होते. ऑलब्राइट दुसऱ्याच्या घरातून मोजत होत्या. एखादा निर्बंध योग्य की अयोग्य, हे ठरवताना आम्ही सगळ्यात आधी हेच विचारतो : ज्यांच्यावर हे पडणार आहे, त्यांना कुणी विचारलं का? इराकी आईला कुणी विचारलं नव्हतं.

अन्न आणि औषधांना सूट असतेच की. मग तक्रार कसली?

हा प्रश्न शिकलेली माणसं जास्त विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. कागदावर सूट जवळजवळ नेहमी असते. अडचण बँकेच्या खिडकीवर सुरू होते.

समजा वाळूजच्या एखाद्या कारखान्याला इराणला औषध पाठवायचं आहे. औषधावर बंदी नाही. पण पैसे कुठल्या बँकेतून येणार? इराणच्या बहुतेक बँका निर्बंधांच्या यादीत. जहाज कंपनी यादीत. विमावाला म्हणतो, मला भानगड नको. आपल्याकडची बँक म्हणते, कायद्याने चालतं हे खरं, पण उद्या अमेरिकेने दंड ठोकला तर? यापूर्वी मोठमोठ्या युरोपीय बँकांना असे दंड बसलेत, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. म्हणून जो व्यवहार कायदेशीर आहे तोसुद्धा होत नाही. अतिसावधपणाने होणारा हा त्रास बंदीने होणाऱ्या त्रासाइतकाच मोठा आहे.

अमेरिका २०१८ च्या मे महिन्यात इराणसोबतच्या अणुकरारातून बाहेर पडली आणि त्याच्यावर पुन्हा निर्बंध लादले. त्यानंतर त्वचा जरासं घासलं तरी सोलून निघते अशा एका दुर्मीळ आजाराच्या मुलांसाठी लागणाऱ्या खास पट्ट्या तिथे मिळेनाशा झाल्या. बनवणारी कंपनी युरोपातली, पट्टीवर बंदी नव्हती, तरी कंपनीने माल पाठवणं थांबवलं. ३ ऑक्टोबर २०१८ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अमेरिकेला आदेश दिला की औषधं, अन्न आणि विमानांच्या सुरक्षेचे सुटे भाग यांच्या आड येणारे अडथळे काढा. आदेश निघाला, खिडकी मात्र फारशी उघडली नाही.

माझ्या ओळखीचा एक इराणी मुलगा संभाजीनगरला शिकायला होता. घरची परिस्थिती चांगली, पण घरून पैसे येण्याचा सरळ रस्ताच नव्हता. फीसाठी त्याने दोन सेमिस्टर कसे काढले ते मी पाहिलंय. खोलीवर वरण-भात करून खायचा आणि आईला फोनवर सांगायचा, इथे सगळं ठीक आहे. त्याने काय गुन्हा केला होता?

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या मराठवाड्याला याचं काय, सर?

हा प्रश्न आला नाही अशी सभा झाली नाही. त्यामुळे याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

नाकेबंदी मराठवाड्याने स्वतः भोगली आहे. १९४७-४८ मध्ये आपण निझामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. संस्थान चारही बाजूंनी भारताने वेढलेलं, समुद्र नाही. भारताशी तंटा वाढत गेला तसं बाहेरून येणारं पेट्रोल, औषधं, मीठ अडायला लागलं. भारत सरकारने अशी नाकेबंदी केल्याचं अधिकृतपणे कधी मान्य केलं नाही. हैदराबादने ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेकडे जी तक्रार नेली, तिच्यात आर्थिक नाकेबंदीचा मुद्दा होता. माझी आजी सांगायची, त्या वर्षी घरात मिठाचा खडा जपून वापरायचे, आणि पाहुणा आला तर त्याच्या ताटात मीठ वाढायचं आणि आपण अळणी खायचं.

इथे गैरसमज नको. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा न्याय्य होता. निझामाच्या बाजूच्या रझाकारांचे अत्याचार खरे होते, आमच्या तालुक्यातल्या किती घरांनी ते सोसले. १७ सप्टेंबर हा आमचा मुक्तिदिन आहे आणि त्या दिवशी झेंड्यापुढे मी मनापासून उभा राहतो. पण मिठाच्या टंचाईने निझामाच्या ताटातलं काही कमी झालं नसणार. अळणी जेवली ती माझी आजी, जी मनाने लढ्याच्याच बाजूची होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

दुसरं, किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं. लातूर-धाराशिवमध्ये हजारो माणसं झोपेतच दगडमातीखाली गेली. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, औसा तालुक्यातून आम्ही पोरं ट्रॅक्टरने मदतीला गेलो होतो. त्यानंतर साऱ्या जगातून मदत आली. तंबू, औषधं, डॉक्टर, नंतर जागतिक बँकेचं कर्ज आणि नवी गावं. कुणी विचारलं नाही की तुमच्या सरकारचं धोरण काय आहे.

६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. दगडाखाली तशीच माणसं. सीरियावर निर्बंध होते. परदेशातल्या सीरियन लोकांना आपल्या गावाला पैसे पाठवायचे होते, पण बँका आणि पैसे जमवणारी संकेतस्थळं 'सीरिया' हे नाव दिसलं की व्यवहार अडवायची. अमेरिकेने तिसऱ्या दिवशी १८० दिवसांची खास सूट जाहीर केली. ढिगाऱ्याखालच्या माणसाला तीन दिवस म्हणजे काय, हे किल्लारीच्या माणसाला सांगायची गरज नाही. ती बातमी ऐकली त्या रात्री आमच्यातल्या तिघांनी ठरवलं की यावर बोलायला हवं. या कामाची सुरुवात तिथून झाली.

आमच्या सोयाबीनचा आणि खताचा काही संबंध आहे का?

आहे. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या कुठल्याही जुन्या आडत्याला विचारा.

इराण हा आपल्या सोयापेंडेचा, म्हणजे बाजारात ज्याला डीओसी म्हणतात तिचा, मोठा खरेदीदार होता. व्यवस्था साधी होती. भारत इराणचं तेल घ्यायचा, त्याचे रुपये इथल्याच बँकेत इराणच्या नावावर जमा व्हायचे आणि त्या रुपयांतून इराण तांदूळ, चहा, पेंड, औषधं घ्यायचा. २०१९ च्या मे महिन्यात हे तेल घ्यायला अमेरिकेने दिलेली मुभा संपली आणि भारताने तेल घेणं बंद केलं. तेल बंद म्हणजे नवे रुपये बंद. जमा होते ते आटत गेले, व्यापाऱ्यांचे पैसे थकायला लागले आणि सौदे थांबले. पेंडेला गिऱ्हाईक कमी म्हणजे सोयाबीनला भाव कमी. भाव पडायची दुसरीही कारणं असतात, सगळा दोष निर्बंधांवर टाकणार नाही. पण आपला शेतकरी यात कुठेच नाही, असं कुणी म्हणू नये.

पोटॅश खताचंही तसंच. भारत पोटॅश बाहेरूनच आणतो. बेलारूस हा त्यातला मोठा पुरवठादार. त्याच्यावर २०२१ मध्ये निर्बंध आले, पाठोपाठ रशिया-युक्रेन युद्ध, आणि २०२२ च्या खरिपात पोत्याचा भाव काय झाला ते सगळ्यांना आठवत असेल.

म्हणजे तुम्ही सद्दाम, इराणची राजवट, तालिबान यांची बाजू घेता?

नाही. त्यांच्या तुरुंगात सडणाऱ्या, त्यांच्या फटक्यांखाली मरणाऱ्या माणसांच्या बाजूने आम्ही आहोत, आणि म्हणूनच हे बोलतो. सद्दामने कुर्दांवर विषारी वायू सोडला, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. तालिबानने मुलींच्या शाळा बंद केल्या, त्याचा राग एका शिक्षकाला किती येत असेल? पण २०२१ मध्ये काबूल पडल्यावर अफगाण मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७ अब्ज डॉलर अमेरिकेत गोठले आणि त्या हिवाळ्यात पगार मिळाले नाहीत ते तिथल्या मास्तरणींना आणि नर्सबाईंना. तालिबानचे पुढारी काही उपाशी राहिले नाहीत.

निर्बंध नकोत, तर मग काय युद्ध करायचं?

इराकमध्ये तेरा वर्षं निर्बंध होते आणि शेवटी युद्धही झालंच. शस्त्रबंदी, मध्यस्थी, अत्याचाऱ्यांवर वैयक्तिक कारवाई, न्यायालय, पीडितांना आसरा, हे मार्ग आहेत. ते हळू चालतात, हे मान्य. निर्बंधही हळूच चालतात, आणि बहुतेक वेळा त्यांचा घोषित हेतू साध्य होत नाही, असं या विषयाचे बरेच अभ्यासक सांगतात. क्यूबावरचा अमेरिकेचा बहिष्कार १९६२ पासून आहे. तिथलं सरकार बदललं नाही.

भारत सरकारची भूमिका काय आहे?

संमिश्र. क्यूबावरचा बहिष्कार उठवा, या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या ठरावाला भारत सातत्याने पाठिंबा देत आला आहे. २०२४ मध्ये त्या ठरावाच्या बाजूने १८७ देश होते. १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिका, जपान आणि इतरांनी आपल्यावरच निर्बंध लावले होते, तेव्हा ते अन्यायकारक आहेत असं आपण ठणकावून सांगितलं.

पण २०१५-१६ मध्ये नेपाळच्या सीमेवर इंधन आणि औषधांचे ट्रक महिनोन्‌महिने अडले. ही नाकेबंदी आम्ही केलेली नाही, सीमेपलीकडच्या आंदोलनामुळे वाहतूक थांबली, अशी भारताची भूमिका होती. नेपाळी जनतेला ते पटलं नाही. युनिसेफने तेव्हा इशारा दिला होता की पाच वर्षांखालची ३० लाखांहून अधिक मुलं त्या हिवाळ्यात धोक्यात आहेत. नेपाळमधल्या भूकंपाला तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते.

आणि डिसेंबर २०२२ मधली गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. सुरक्षा परिषदेने ९ तारखेला ठराव २६६४ केला. संयुक्त राष्ट्रांनी कुणाची मालमत्ता गोठवली असली, तरी मानवतावादी मदत त्यातून वगळली जाईल, असा तो ठराव. १४ देश बाजूने. एक देश तटस्थ राहिला, तो भारत. दहशतवादी संघटना या सुटीचा गैरफायदा घेतील, अशी आपली चिंता होती. ती निराधार नाही, आपण ते भोगलंय. तरी मला वाटतं, त्या दिवशी भारताने हात वर करायला हवा होता. त्याच वर्षी आपण अफगाणिस्तानला गहू पाठवत होतो, ५० हजार टनांचं वचन होतं, तेही पाकिस्तानमार्गे. मदत पोचवायची असेल तर वाट मोकळी लागते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

लातूरमध्ये बसून बोलल्याने अमेरिकेचं धोरण बदलणार आहे का?

थेट नाही. पण धोरणं कशी बदलतात त्याचं एक उदाहरण देतो.

१९९८ च्या निर्बंधांत पाकिस्तानही होता, आणि पाकिस्तान अमेरिकेचा गहू घ्यायचा. निर्बंधांमुळे गव्हासाठीची कर्ज-हमी थांबणार, असं दिसताच अमेरिकेतल्या गहू उत्पादकांनी आपल्या खासदारांना गाठलं. जुलैच्या मध्याला, म्हणजे चाचण्यांनंतर दोन महिन्यांत, शेतमालाला सूट देणारा कायदा मंजूरही झाला. पुढे २००० साली तिथल्या शेतकऱ्यांच्याच रेट्याने क्यूबाला अन्न आणि औषध विकायची वाट उघडली. शेतकरी बोलला की सरकार ऐकतं. आपला शेतकरी यावर बोललेलाच नाही.

दुसरीकडे, नफ्यातोट्याचा काही संबंध नसलेली माणसंही बोलली. डेनिस हॅलिडे संयुक्त राष्ट्रांत ३४ वर्षं होते, इराकमधल्या मदतकार्याचे प्रमुख. १९९८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये तेच केलं. कॅथी केली या अमेरिकन कार्यकर्त्या आणि त्यांचे सहकारी दंडाची धमकी असताना पिशव्यांतून औषधं घेऊन बगदादला जात राहिले. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं कागदपत्रं वाचून इराकचा माल मंजूर करणाऱ्या समितीत काय काय अडलंय ते लोकांपुढे ठेवलं. ठराव २६६४ आकाशातून पडला नाही. त्याच्यामागे या सगळ्यांची पंचवीस-तीस वर्षं आहेत.

आम्ही नेमकं काय करू?

आपल्या खासदाराला पत्र लिहा. मराठवाड्यात लोकसभेचे आठ मतदारसंघ आहेत, आठ खासदार. पत्रात भाषण नको, एकच प्रश्न लिहा : इराण, क्यूबा, अफगाणिस्तान यांना औषध पाठवणाऱ्या भारतीय उत्पादकांचे पैसे अडकू नयेत म्हणून सरकारने काय केलं, हे सभागृहात विचाराल का? प्रश्नासाठी आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी पत्र पोचलेलं बरं. पोचपावती ठेवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा जा, शक्यतो चार-पाच जण मिळून. एकट्या माणसाचं पत्र स्वीय सहायकाच्या टेबलावर राहतं.

बाजार समितीच्या सभेत पेंडेच्या निर्यातीचा विषय काढा. डॉक्टर असाल तर तुमच्या संघटनेत ठराव मांडा, डॉक्टरांच्या शब्दाला वजन असतं. ग्रामसभेत ठराव घ्यायचा असेल तर आधी चार बायाबापड्यांना समजावून सांगा, नाहीतर ठराव पास होतो आणि तो कशाचा होता ते कुणालाच माहीत नसतं. आमच्या एका गावात असंच झालं, पुन्हा जाऊन बसावं लागलं.

आम्ही पैसे किंवा औषधं पाठवू शकतो का?

हवाल्याने किंवा कुणाच्या हाती रोख कधीच पाठवू नका. कायद्यानेही अडकाल, आणि पैसा भलत्याच हाती जाऊ शकतो. सुटी औषधंही पाठवू नका. किल्लारीत आम्ही पाहिलंय, मुदत संपलेल्या गोळ्यांचे ढीग पडून होते आणि ते निवडण्यातच माणसं गुंतली. द्यायचंच असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या संस्था किंवा रेड क्रॉससारख्या जुन्या, हिशोब देणाऱ्या संस्थांना बँकेतून द्या. आम्ही स्वतः एक रुपयाही गोळा करत नाही.

शाळेत मुलांशी यावर कसं बोलावं?

देशांची नावं आणि ठराव क्रमांक बाजूला ठेवा. मी आठवीच्या वर्गाला घरी जाऊन यादी करायला सांगतो : आपल्या घरात काय काय गावाबाहेरून येतं? पहिल्या दिवशी मुलं मीठ, चहा, साखर लिहून आणतात. दुसऱ्या दिवशी आजोबांची बीपीची गोळी येते, मोटारीचं बेअरिंग येतं, टीसीएलचा डबा येतो, शेतातल्या पंपाचा स्टार्टर येतो. मग त्यातली कुठलीही तीन खोडायला सांगतो. गेल्या वर्षी एका मुलीने बराच वेळ पेन तसाच धरून ठेवला आणि विचारलं, "सर, खोडायचं कोण ठरवतं?" तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग त्यावरच बोलत होता.